हात वर करून न ठरणाऱ्या गोष्टी

प्रौढांच्या वर्गाचं वेळापत्रक लागतं तेव्हा दोन विषय हमखास दोन वेगळ्या माणसांच्या वाट्याला जातात. ‘लोकशाही मूल्यं’ हा तास घटना, हक्क, कर्तव्यं यांवर बोलू शकणाऱ्या कुणा जाणत्याकडे, आणि ‘वैयक्तिक माहितीचं संरक्षण’ हा तास संगणकातलं कळणाऱ्याकडे. पहिल्या तासाला मंडळी आदराने गप्प बसतात, दुसऱ्या तासाला धास्तीने. दोन्हीकडे ‘शंका विचारा’ म्हटलं की एकच शंका येते, ती म्हणजे प्रमाणपत्र कधी मिळणार?

मी हे दोन्ही तास घेते. घेता घेता माझं ठाम मत झालं आहे की हे दोन विषय नाहीतच. आपल्याबद्दल कुणाला काय कळावं आणि ते कुणी ठरवायचं, हा लोकशाहीचाच प्रश्न आहे. मतदान काही वर्षांतून एकदा येतं, फॉर्म मात्र रोज कुठे ना कुठे समोर येतो. त्यामुळे नागरिक म्हणून वागायची संधी माणसाला मतपेटीपेक्षा फॉर्मवर आणि फोनच्या पडद्यावर कितीतरी जास्त वेळा मिळते. ती संधी आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

वर्गात येणारी माणसं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. ती रांगांमध्ये उभी राहिलेली असतात. ‘अर्ज अपूर्ण आहे’ म्हणून परत पाठवली गेलेली असतात. खिडकीपलीकडच्या माणसाचा आवाज कोणत्या पट्टीत लागला की आपण गप्प बसायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. सत्ता म्हणजे काय हे त्यांना शिकवायला जाणं हा आगाऊपणाच आहे. त्यांच्या अंगात एक शिस्त मात्र पक्की मुरलेली असते, ती म्हणजे विचारलं की सांगायचं. रकाना दिसला की भरायचा, रिकामा सोडला तर काम अडेल. शिकवणाऱ्याची खरी लढाई या सवयीशी असते. अज्ञान त्यामानाने सोपं. ते तासाभरात हटतं.

म्हणून पहिल्या तासाला मी दुसरं काही काढत नाही, आमच्याच वर्गाचा प्रवेश-अर्ज काढते. बाहेरच्या कुणा कंपनीचा किंवा कार्यालयाचा नाही, आमचाच. त्यातला एकेक रकाना फळ्यावर लिहिते. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, आजार, अडीअडचणीला कुणाला कळवायचं त्याचा नंबर. मग प्रत्येक रकान्याला चार प्रश्न विचारायचे. कशासाठी हवंय? कोण बघणार? किती दिवस ठेवणार? आणि नाही दिलं तर काय होणार?

सुरुवातीला सगळे माझ्याकडे बघतात. अर्ज तुमचा, उत्तर तुम्हीच द्या, असा त्या बघण्याचा अर्थ. मी देत नाही. मग हळूहळू कुणीतरी म्हणतं, वैवाहिक स्थिती कशाला? हशा पिकतो, आणि तो रकाना पुसला जातो. पहिला रकाना पुसला जाण्याचा परिणाम विलक्षण असतो. छापील कागद खोडता येतो, हे त्या क्षणापर्यंत कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. मग जन्मतारखेची पाळी येते. एका वर्गात एक गृहस्थ म्हणाले, वाढदिवसाला शुभेच्छा देता येतील, राहू द्या. त्यांच्या मागच्या बाकावरच्या बाई पटकन म्हणाल्या, “मग दिवस आणि महिना पुरे की. साल कशाला? वय मोजणार आहात का?” जगभरच्या माहिती-संरक्षण कायद्यांमध्ये जे एक कलम असतं, की कामापुरतीच माहिती घ्यावी, जास्त घेऊ नये, त्याचं याहून स्वच्छ स्पष्टीकरण मी कोणत्याही वकिलाकडून ऐकलेलं नाही.

शिक्षणाच्या रकान्यावर मात्र वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. कोण किती शिकलंय हे कळलं नाही तर शिकवणार कसं, असं काहीजण माझी बाजू घेऊन भांडतात. एकदा एक सुतारकाम करणारे गृहस्थ बराच वेळ ऐकत बसले होते. शेवटी म्हणाले, “मी चौथीपर्यंत शिकलोय. हे तुम्हाला तोंडी सांगतो, आत्ता सगळ्यांसमोर सांगितलंच. पण कागदावर नको. कागद माझ्याशिवाय फिरतो.” वर्ग थोडा वेळ शांत झाला. माहिती सांगणं आणि माहिती नोंदवली जाणं यातला फरक मी नंतर कितीही सांगितला असता तरी तो त्या वाक्याइतका पोचला नसता.

आजाराचा रकाना सगळ्यात अवघड. कुणाला फिट येत असेल, साखर अचानक उतरत असेल, तर बाकीच्यांना ठाऊक असलेलं बरं, हा मुद्दा खोटा नाही. पण हजेरीच्या कागदाबरोबर तो सगळ्यांच्या हातात जावा का? शेवटी बहुतेक वर्ग एकाच तोडग्यावर येतात: ज्याला सांगावंसं वाटेल त्याने शिकवणाऱ्याला किंवा आपल्या शेजारच्याला सांगावं. रकाना जातो, काळजी राहते.

हे सगळं होईपर्यंत तास संपत आलेला असतो आणि ‘लोकशाही’ हा शब्द एकदाही उच्चारलेला नसतो. तो दुसऱ्या एका प्रसंगाने आत येतो.

प्रत्येक वर्गात कुणीतरी उत्साही माणूस असतो. तो म्हणतो, आपण सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करूया, सूचना देणं सोपं जाईल. कल्पना चांगलीच असते. सगळे हात वर करतात. एखादा हात खाली राहतो. उत्साही माणूस मोजून सांगतो, बहुमत झालं, ठरलं. लोकशाहीबद्दल आपल्याला शाळेत जे शिकवलेलं असतं त्याप्रमाणे त्याचं काही चुकलेलं नसतं.

मी इथे थांबवते आणि एवढंच विचारते, नंबर कुणाचा आहे?

मग जो संवाद सुरू होतो त्यासाठी मी बाकीचे तास आनंदाने सोडून देईन. काहीजण चिडतात. एकीसाठी सगळ्यांनी अडून बसायचं का? मग मतदान कशाला घेतलं? एक बाजू म्हणते, तिने कारण सांगावं, पटलं तर मानू. आणि ती बाई, जिने हात वर केलेला नसतो, ती बहुतेकदा कारण सांगू इच्छित नाही. सांगितलं तर तेच पुन्हा उघडं पडणं. कुणाचा तरी त्रास टाळायला नंबर बदलून घेतलेला असू शकतो, घरातलं काही असू शकतं, किंवा नुसतंच नको असू शकतं. ‘नुसतंच नको’ हे उत्तर पुरेसं आहे का? वर्गाला हे पचायला फार जड जातं. आपण वाढलोच अशा जगात की ‘हो’ला कारण लागत नाही आणि ‘नाही’ला खुलासा द्यावा लागतो.

तोडगा तसा सोपा असतो. ज्यांना ग्रुप हवा त्यांनी करावा. बाकीच्यांना सूचना एकेकट्याला जातील अशी सोय फोनमध्येच असते, त्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. पण तोडग्यापेक्षा तिथपर्यंत पोचतानाचा वाद मोलाचा. वर्गाची वेळ साडेसहाची की सातची, हे हात मोजून ठरवावं. पुढच्या आठवड्यात कोणता विषय घ्यायचा, तेही. पण एकाचा नंबर, एकीचा फोटो, कुणाचा आजार या गोष्टी बाकीच्या सगळ्यांनी मिळून हात वर केले तरी ठरत नाहीत, कारण त्या ठरवण्याचा अधिकार सगळ्यांचा नसतोच. बहुमताला कुंपण असतं, हे लोकशाहीतलं सगळ्यात अवघड प्रकरण आहे. मूलभूत हक्कांवरचं व्याख्यान ऐकून ते क्वचितच कुणाला समजतं. फोन नंबरांच्या यादीवरून ते तासाभरात समजतं, कारण तिथे अल्पसंख्याक म्हणजे पुस्तकातला कुणी समूह नसतो. ती शेजारच्या बाकावर बसलेली असते.

त्यानंतर मी विचारते, मतदान गुप्त का असतं? उत्तर ठरलेलं येतं, भांडणं होऊ नयेत म्हणून. मग जुनी गोष्ट सांगावी लागते. ब्रिटनमध्ये १८७२पर्यंत मतदाराला सगळ्यांसमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगावं लागे. कारकून ते लिहून घेई, आणि कुणी कुणाला मत दिलं याच्या छापील वह्या विकत मिळत. जमीनदाराने ती वही उघडली की आपलं कोणतं कूळ आपल्या माणसाविरुद्ध गेलं ते त्याला नावानिशी दिसे. सरकारने छापलेली मतपत्रिका आणि आडोशाला जाऊन खूण करायची पद्धत १८५६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सुरू केली. ब्रिटनने कायदा केला १८७२च्या जुलैत, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाँटेफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत तिथे पहिल्यांदा गुप्त मतदान झालं.

गंमत म्हणजे स्वातंत्र्याचा एवढा मोठा पुरस्कर्ता, इंग्लिश विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल, या गुप्ततेच्या विरोधात होता. मत ही मतदाराची खाजगी मालमत्ता नाही, ती समाजाने सोपवलेली जबाबदारी आहे, म्हणून ती समाजाच्या नजरेसमोरच पार पाडावी, असं त्याचं म्हणणं. मी हे सांगितलं की निम्मा वर्ग मिलच्या बाजूने जातो. बरोबरच आहे, लपवायचं कशाला, ताठ मानेने सांगावं! मी वाद घालत नाही. कुणीतरी दुसराच विचारतो, मग सभागृहात आमदार-खासदार मत देतात ते उघड असावं की गुप्त? इथे सगळे एका आवाजात ‘उघड’ म्हणतात. आणि क्षणभराने त्यांच्याच लक्षात येतं की त्यांनी दोन उलटी उत्तरं दिली आहेत.

ती उलटी नाहीत. ज्याच्या हातात सत्ता, त्याचा कारभार उजेडात; ज्याच्यावर सत्ता चालते, त्याला आडोसा. माहितीचा अधिकार आणि माहितीचं संरक्षण हे दोन कायदे एकमेकांच्या विरोधात आहेत असं बरेच शहाणे लोकही म्हणतात. मला ते एकाच वाक्याचे दोन भाग वाटतात. आज आपली अडचण अशी की हे वाक्य उलटं लिहिलं गेलं आहे. माणूस कुठे गेला, काय वाचलं, रात्री किती वाजता जागा होता, हे सगळं कुणाला ना कुणाला दिसतं, आणि त्या माहितीवर कोणत्या नियमाने काय निर्णय झाला हे त्या माणसाला कळत नाही. अर्ज नामंजूर. कारण? सिस्टीमने केला.

“पण मॅडम, आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?” हे वाक्य प्रत्येक वर्गात येतं. बहुधा सरळ, कष्टाळू, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या माणसाकडून येतं, त्यामुळे त्याला चटकन उत्तर देऊन गप्प करणं मला आवडत नाही. मी जॉन्स आयलंडची गोष्ट सांगते.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यालगत हे बेट आहे. जानेवारी १९५७मध्ये तिथे प्रौढांचा एक वर्ग सुरू झाला. मतदार यादीत नाव लावायचं तर वाचता-लिहिता येतं हे सिद्ध करावं लागे, आणि ही अट कृष्णवर्णीयांना यादीबाहेर ठेवायला फार सोयीची होती. शिकवायला नेमल्या गेल्या बर्निस रॉबिन्सन. त्या शिक्षिका नव्हत्या, केशरचनेचा व्यवसाय करत. शिक्षिका नाहीत म्हणूनच त्यांना निवडलं होतं. मोठ्या माणसांना लहान पोरांसारखं वागवणारं कुणी नको होतं. लोकांनी जे वाचायला मागितलं ते त्यांनी शिकवलं: मनिऑर्डरचा फॉर्म, टपालाने वस्तू मागवायचा तक्ता, मतदार नोंदणीचे नियम. भिंतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता आणि वर्ग संपेपर्यंत हा तुम्हाला वाचता यायला हवा, असं सांगितलं होतं.

हा वर्ग भरत असे तो एका दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढे किराणा, मागे शाळा. बाहेरून जाणाऱ्या गोऱ्यांना आत काय चाललंय ते दिसू नये म्हणून. आत जे चाललं होतं ते पूर्णपणे कायदेशीर होतं. त्या माणसांकडेही ‘लपवण्यासारखं’ काही नव्हतं. तरी आडोसा नसता तर वर्ग झालाच नसता.

या वर्गामागे ज्या होत्या त्या सेप्टिमा क्लार्क, त्यांची गोष्ट मात्र नेमकी उलटी. १९५६मध्ये त्या राज्याने सरकारी नोकरांना एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासद राहायला बंदी घातली. क्लार्कबाई अनेक वर्षांच्या शिक्षिका. सभासदत्व लपवायला त्यांनी नकार दिला आणि नोकरी गमावली. त्याच सुमारास अलाबामा राज्य या संघटनेकडे तिच्या सभासदांची यादी मागत होतं. संघटनेने ती दिली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जून १९५८ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं की अशी यादी सक्तीने मागता येणार नाही, कारण नावं उघड झाली की नोकऱ्या जातात, धमक्या येतात, आणि मग माणसं एकत्र यायलाच बिचकतात.

मी वर्गाला विचारते, बरोबर कोण? उघडपणे सांगणाऱ्या क्लार्कबाई की यादी दडवणारी संघटना? चर्चा कितीही भरकटली तरी शेवटी कुणीतरी म्हणतंच, दोघंही, कारण दोन्हीकडे ज्याचं त्याने ठरवलं. गोपनीयता म्हणजे लपणं, ही समजूत तिथे ढिली पडते. पुरती जात नाही. पण ढिली पडते.

आणखी एक गोष्ट आहे जी मी फार जपून सांगते, कारण तिच्याने माणसं हादरतात आणि हादरलेला माणूस शिकत नाही. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदी फार नीटनेटक्या ठेवल्या जात आणि त्यात धर्माची नोंद असे. साध्या प्रशासकीय कारणांसाठी, कुणाचं वाईट करायच्या हेतूने नव्हे. १९४०मध्ये नाझी जर्मनीने देश ताब्यात घेतला आणि त्या नोंदी कोणत्या कामी आल्या ते जगाला माहीत आहे. २७ मार्च १९४३ रोजी विलेम अराँडेउस यांच्यासारख्या कलावंतांच्या एका गटाने पोलिसांचे गणवेश घालून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरून तिथे स्फोट घडवला. कार्डांचा एक लहानसा भागच नष्ट झाला. गटातले लोक पकडले गेले आणि त्यातल्या बाराजणांना जुलैत गोळ्या घातल्या. माहिती गोळा करणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर निवृत्त होतो. रकाना नोकरीत राहतो.

आता जरा तक्रारीच्या सुरात बोलते. प्रौढांना ‘डिजिटल साक्षरता’ म्हणून जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं नुसतं भीतीचं शिक्षण असतं. ओटीपी सांगू नका, लिंकवर क्लिक करू नका, अनोळखी फोन घेऊ नका, पासवर्ड बदला. यातलं एकही चुकीचं नाही आणि मीही हे सांगते, कारण फसवणुकीत आयुष्याची पुंजी गेलेली माणसं वर्गात असतात. पण एवढ्यावरच थांबलं की दोन गोष्टी होतात. एक, सगळी जबाबदारी त्या माणसावर येते. फसलात म्हणजे तुम्हीच बावळट. आणि दोन, त्याला वाटतं की धोका फक्त चोरांकडून आहे. चोरापासून माहिती वाचवणं वेगळं. ज्याला आपण कायदेशीरपणे, राजीखुशीने माहिती देतो, त्या कार्यालयाला, मालकाला, कंपनीला, दवाखान्याला ‘कशासाठी?’ असं विचारणं वेगळं. पहिल्यासाठी सावधपणा लागतो, दुसऱ्यासाठी नागरिकपणा. अभ्यासक्रमात पहिल्याला चार तास आणि दुसऱ्याला शेवटची दहा मिनिटं, तीही चहाच्या सुट्टीआधीची.

जर्मनीचं उदाहरण मला इथे उपयोगी पडतं. पश्चिम जर्मनीत १९८३च्या एप्रिलमध्ये जनगणना व्हायची होती. प्रश्नावली लांबलचक, आणि गोळा झालेली माहिती इतर सरकारी नोंदींशी ताडून बघायची मुभा. लोकांनी बहिष्काराची भाषा सुरू केली, काहीजण न्यायालयात गेले. घटनात्मक न्यायालयाने जनगणना आधी थांबवली आणि १५ डिसेंबर १९८३ला निकाल दिला की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. त्या निकालातला एक विचार मी वर्गात नेहमी सांगते. मोर्चाला किंवा सभेला गेल्याची नोंद होते असं ज्याला वाटतं, तो कदाचित जाणारच नाही. यात त्याचं नुकसान आहेच, पण सगळ्या लोकशाहीचंही आहे, कारण ती अशा जाणाऱ्या माणसांवरच चालते. जनगणना पुढे १९८७मध्ये झाली, नियम बदलून. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, त्यातही हाच धागा आहे. निकाल वर्गात वाचून दाखवायच्या भानगडीत मी पडत नाही. एवढं कळलं तरी पुरे की हा हक्क वकिलांच्या डोक्यातून उगवला नाही. प्रश्नावली हातात घेऊन ‘हे कशाला?’ म्हणणाऱ्या सामान्य लोकांनी तो न्यायालयापर्यंत नेला.

फोनवरच्या परवानग्यांचा तास त्यामानाने हलकाफुलका होतो. प्रत्येकाने आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या अॅपला काय काय दिसतं ते बघायचं. टॉर्चच्या अॅपला आपले सगळे संपर्क कशाला हवेत, या प्रश्नावर हसू येतं, आणि हसत हसत परवानग्या बंद होतात. पण संपर्कांवर मी जरा जास्त रेंगाळते. माझ्या फोनमधले नंबर माझे नसतात. ते दुसऱ्यांचे असतात. २०१८मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी माहिती वापरणाऱ्या कंपनीचं प्रकरण उघड झालं तेव्हा कळलं की फेसबुकवरची व्यक्तिमत्त्व चाचणी सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतली होती, पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंतची माहिती गेली असावी. म्हणजे एकाच्या ‘हो’मागे शेकडोंना न विचारता ओढलं गेलं. ग्रुपवरून भांडलेल्या वर्गाला हे समजवावं लागत नाही. “म्हणजे यांनी दुसऱ्यांचे हात वर केले,” असं एक बाई म्हणाल्या होत्या, ते मी तेव्हापासून सगळीकडे वापरते.

संमतीच्या चौकटींबद्दल मात्र मी फारशी आशावादी नाही. युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८पासून लागू झाला, आणि आधीच टिकमार्क करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलं. चांगलंच झालं. पण व्यवहारात काय झालं? प्रत्येक पानावर एक खिडकी उघडते, ‘मान्य’ हे बटण मोठं आणि रंगीत, ‘नाही’ शोधावं लागतं. दिवसभर राबून आलेला माणूस अटी व शर्ती वाचत बसेल अशी अपेक्षा ठेवणं ही त्याची थट्टा आहे. मीही सगळ्या वाचत नाही, आणि ज्यांनी त्या लिहिल्या तेही वाचत असतील असं वाटत नाही. इथे वैयक्तिक जागरूकतेने भागत नाही. कायदा लागतो, तो राबवणारी यंत्रणा लागते आणि तिच्यावर डोळा ठेवणारे लोक लागतात.

शिवाय विचारण्याला किंमत पडते. ज्याला त्या खिडकीतून मदत, औषध किंवा काम मिळवायचं आहे तो ‘हे कशासाठी?’ असं सहज विचारू शकत नाही. त्याच्यामागे रांग असते. पलीकडचा माणूस वैतागलेला असतो. हे न ओळखता नुसतं ‘विचारा, विचारा’ म्हणणं म्हणजे पोट भरलेल्याने उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. म्हणून आम्ही वर्गातच एक टेबल मांडतो. एकजण कारकून, एकजण अर्जदार, बाकीचे रांग. रांगेतल्यांनी कुरकुर करायचीच, तो त्यांचा वाटा. अर्जदाराने न भांडता, न ओशाळता तीन वाक्यं म्हणायची: हा रकाना सक्तीचा आहे का? नसेल तर मी रिकामा सोडतो. असेल तर कोणत्या नियमाने, तेवढं लिहून द्याल का? पहिल्या खेपेला आवाजच फुटत नाही. दुसऱ्या खेपेला फार चढतो. मग कुणीतरी कारकुनाच्या भूमिकेत असलेला माणूस म्हणतो, “अहो, मला तरी कुठे माहीत आहे हा रकाना का आहे? वरून फॉर्म आलाय.” हे वाक्य माझ्या लेखी फार मोलाचं आहे. पलीकडचा माणूसही विचारायला घाबरतोय, हे कळलं की आवाज आपोआप ठीक पट्टीत लागतो. आणि एक सुधारणा वर्गानेच शोधून काढली: रांगेतल्या दुसऱ्या माणसाने म्हणायचं, ‘मलाही हेच विचारायचं होतं.’ एकाने विचारलं तर तो हट्टी ठरतो, दोघांनी विचारलं की तो प्रश्न होतो.

आमच्यासारख्या वर्ग चालवणाऱ्यांचीही यातून सुटका नसते. अनुदान देणाऱ्यांना अहवाल हवा, अहवालात हजेरी हवी, सह्या हव्यात, हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो हवेत. गोपनीयतेवरच्या कार्यशाळेचा अहवाल सहभागींच्या पूर्ण नावांसह आणि फोन नंबरांसह सगळ्या संस्थांना ई-मेलने आलेला मी पाहिला आहे. पाठवणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्या वर्गाने यावर आपला नियम केला. फोटो हवा असेल तर पाठमोरा, फळ्याकडे तोंड केलेला. एका अधिकाऱ्याने विचारलं, यात माणसं कुठे दिसतात? मी म्हटलं, मोजा, तेवढीच आहेत.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकजण एक पत्र लिहितो. ज्या कार्यालयाकडे, कंपनीकडे किंवा संस्थेकडे आपली माहिती आहे असं वाटतं, तिला विचारायचं की माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे, कुठून आलं आणि कुणाला दिलं. माक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने २०११मध्ये फेसबुककडे अशीच मागणी केली तेव्हा त्याच्या हाती १,२००हून जास्त पानं आली, त्यात त्याने स्वतः पुसून टाकलेला मजकूरही होता. आमच्या पत्रांना इतकी भरघोस उत्तरं येत नाहीत. बरीच पत्रं अनुत्तरित राहतात, काहींना छापील आभार येतात.

कागद माझ्याशिवाय फिरतो म्हणणाऱ्या त्या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांना मात्र उत्तर आलं. दोन पानांचं, व्यवस्थित. त्यात त्यांचं नाव बरोबर होतं, पत्ता आधीच्या घराचा होता, आणि शिक्षणाच्या रकान्यात ‘पदवीधर’ लिहिलेलं होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, राहू द्या, बढती मिळालीय. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायचा अर्ज कसा लिहायचा, आणि दुरुस्त झाल्याचं त्यांनी आपल्याला लेखी कळवायला हवं ना? कुणीतरी वही उघडली. मायना काय घालायचा इथपासून चर्चा सुरू झाली, आणि चौथी शिकल्याचं आता कागदावर द्यायचं की नुसतं ‘पदवीधर नाही’ एवढंच कळवायचं, यावर वर्गात सरळ दोन तट पडले. हात मात्र कुणी मोजले नाहीत. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी सांगितलं, “नुसतं ‘पदवीधर नाही’ लिहा. पुढचं त्यांनी विचारलं तर बघू.”